उस्मानी हस्तलिखिताचे एक पान: अहार कागद, काजळी शाई आणि सोने यांची कृती

उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्की काळातले चांगले हस्तलिखित तिरप्या उजेडात पाहिले, तर कागदावर एक मंद, एकसारखी झळाळी दिसते. ही झळाळी मूळ कागदात नसते. कच्च्या कागदावर खळ, खळीवर तुरटीत फेटलेला अंड्याचा पांढरा बलक आणि त्यावर अकीकाच्या दगडाची घोटाई, अशी ती थराथराने चढवलेली असते. या लेपाला तुर्की कारागीर अहार म्हणतात. शाई कागदाच्या तंतूंत न मुरता या लेपावर बसते. त्यामुळे रेघ धारदार उमटते, चूक ओल्या कापसाने पुसता येते आणि सोने आरशासारखे घोटता येते. सोळाव्या शतकात नक्काश उस्मानच्या हाताखाली राजवाड्याच्या चित्रशाळेने 1582 च्या शाही उत्सवाची चित्रे रंगवली, त्यांच्याखालीही असाच घोटलेला कागद होता. नवशिके चित्रावर महिने घालवतात आणि कागद दोन दिवसांत उरकतात. पुढे रंग सुटला, सोने निस्तेज राहिले, शाई फुटली, तर बहुतेक वेळा दोष अहाराचाच निघतो. म्हणून या लेखात कागदाला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

खालची मापे 25 × 35 सेंटिमीटरच्या 10 तावांसाठी आहेत. ताव मधोमध दुमडला की 17.5 × 25 सेंटिमीटरची पाने मिळतात. पाच ताव एकात एक घातले की दहा पानांची एक जुडी होते. उस्मानी आणि अरबी ग्रंथांत पाच तावांची जुडी सर्रास आढळते, तर इराणी ग्रंथांत चार तावांची जास्त दिसते.

कागद आणि हंगाम

कोकणात किंवा मुंबईत हे काम जून ते सप्टेंबरमध्ये करायला घेऊ नका. दमट हवेत अंड्याचा लेप चिकट राहतो, पाने एकमेकांना धरतात आणि आठवड्याभरात बुरशीचे ठिपके येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मराठवाड्यात किंवा विदर्भात भर उन्हाळ्यात उलटी अडचण येते: लेप इतक्या झपाट्याने वाळतो की फिरवलेल्या हाताचे पट्टे दिसतात. तिथे पहाटे काम करा आणि ताव सावलीतच वाळवा.

कागद सुती चिंध्यांचा, हातबनावटीचा आणि साधारण 90 ते 110 ग्रॅम वजनाचा घ्या. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा शतकानुशतके टिकून आहे. पेशवाईतल्या लिखाणासाठी जुन्नरचा आणि दौलताबादचा कागद वापरात होता, आणि आपल्याकडेही कागदाला खळ देऊन तो घोटतच असत. त्यामुळे या कामाची हत्यारे आणि शब्द मराठी माणसाला परके नाहीत. विकत घेताना कारखान्यात आधी खळ न दिलेला कागद मागा. घरी आणून कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब लगेच मुरला तर कागद कच्चा आहे, कामाचा आहे. थेंब मण्यासारखा वर उभा राहिला तर आत आधीच काहीतरी भरलेले आहे, मग आपली खळ नीट धरणार नाही. फार पांढराशुभ्र, निळसर झाक मारणारा कागद टाळा. त्यातली उजळवणारी रसायने काही वर्षांत पिवळी पडतात आणि तेही डागाडागांनी.

कागद रंगवणे

शुद्ध पांढऱ्या कागदावर लिहिण्याची जुनी रीत नव्हती, कारण डोळा लवकर थकतो. चहा, कांद्याची साले, डाळिंबाची साल, अक्रोडाची हिरवी साल यांच्या काढ्यात कागद बुडवून त्याला हलका पिवळट किंवा तपकिरी रंग देत. सोपे प्रमाण असे: एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम चहा 15 मिनिटे उकळून दुहेरी मलमलीतून गाळा. काढा कोमट झाला की पसरट तबकात ओता, ताव एका कडेने आत सरकवा आणि अर्ध्या मिनिटात दुसऱ्या कडेने बाहेर काढा. अॅल्युमिनियमचे किंवा स्टीलचे तबक चालेल, लोखंडाचे नको: सालींतले टॅनिन लोखंडाशी मिळून राखी-काळे होते. वाळल्यावर रंग ओल्या तावापेक्षा बराच फिका दिसतो, म्हणून आधी एक पट्टी रंगवून, वाळवून पाहा. रंग नेहमी अहाराच्या आधी द्यायचा. नंतर दिला तर लेप धुऊन निघतो.

खळ आणि अहार

आधी खळ. 10 ग्रॅम तांदळाची किंवा मक्याची पिष्ठी (स्टार्च) 250 मिलिलिटर पाण्यात गार असतानाच कालवा, मग मंद आचेवर ढवळत राहा. दुधाळ पाणी अर्धपारदर्शक झाले की उतरवा आणि गाळा. साय धरू नये म्हणून गार होईपर्यंत ढवळत राहा. मऊ स्पंजने तावाच्या एका बाजूला पातळ हात द्या, दोरीवर लाकडी चिमट्यांनी टांगा, वाळला की दुसरी बाजू. खळ जाड झाली तर घोटताना पापुद्रे निघतात. शिवाय पिष्ठी हे कसरीचे आवडते खाद्य आहे, म्हणून कमीच बरी.

खळ पुरती वाळल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, अहार. चार मोठी अंडी घ्या. त्यांतून सुमारे 120 मिलिलिटर पांढरा बलक मिळतो. जुने उस्ताद बदकाची अंडीही वापरत. पिवळ्या बलकाचा एक थेंबही आत जाऊ देऊ नका: त्यातल्या तेलाचा डाग कागदावर अर्धपारदर्शक खिडकीसारखा कायमचा राहतो आणि तिथे शाई धरत नाही. आता तुरटीचा गुळगुळीत खडा हातात धरून त्या बलकात फिरवत राहा. सुरुवातीला बलक तार धरतो, खड्याला चिकटतो, मग फेस जमू लागतो आणि हळूहळू खालचे द्रव पाण्यासारखे पातळ होते. खडा आधी आणि नंतर वजन करून पाहिला तर एवढ्या बलकात 2 ते 3 ग्रॅम तुरटी विरघळलेली असावी. जास्त तुरटीचा मोह धरू नका. तुरटी आम्ल आहे. तिच्या अतिरेकाने कागद वर्षांनी पिवळा आणि ठिसूळ होतो. भांडे झाकून चार-पाच तास गार जागी ठेवा, फेस वर येऊ द्या आणि खालचे द्रव मलमलीतून दोनदा गाळा.

लावताना ताव सपाट फळीवर ठेवा. स्पंज बुडवून थोडा पिळा आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ पट्टे ओढा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर जरासा चढला पाहिजे. एकदा गेलेल्या जागेवर ओले असताना पुन्हा जाऊ नका, बुडबुडे उठतात. प्रत्येक बुडबुडा वाळून टाचणीच्या टोकाएवढे भोक सोडतो आणि महिन्यांनी तिथेच शाईचा कोळी पसरतो. दोन्ही बाजू झाल्या, ताव एक दिवस वाळले, की ताजे द्रव करून दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने द्या. आदल्या दिवशीचे उरलेले द्रव वापरू नका. ते नासलेले असते आणि वास पानाला राहतो.

घोटाई

इथे वेळेचा हिशेब कडक आहे. शेवटचा हात दिल्यापासून साधारण एका आठवड्याच्या आत कागद घोटून झाला पाहिजे. त्याच दिवशी घोटलात तर लेप दगडाला चिकटून ओढला जातो. फार उशीर केलात तर अंड्याचा थर कडक झालेला असतो आणि दगडाच्या दाबाने त्याला केसासारख्या चिरा जातात. या चिरा सुरुवातीला दिसत नाहीत. लिहिताना प्रत्येक अक्षराच्या कडेला बारीक काटे फुटतात तेव्हा त्या कळतात, आणि तोवर उपाय उरलेला नसतो. तिसरा ते पाचवा दिवस सर्वांत चांगला.

उस्मानी कारागीर लिंडनच्या लाकडाची, मध्ये किंचित खोलगट अशी फळी घेत. आपल्याकडे गाठी नसलेली, सुमारे 3 सेंटिमीटर जाडीची, रंधून गुळगुळीत केलेली सागवानी फळी चालते. दगड अकीकाचा घ्या. गुजरातेतल्या खंभातचे अकीक-कारागीर या कामात जुने आहेत आणि सोनारांकडचे लहान घोटेही तिथले असतात. पानासाठी मात्र मुठीत मावेल असा मोठा घोटा हवा. त्याचा चेहरा नखाने तपासा. कुठेही खरचटल्यासारखे लागले तर तो दगड कागदाला घेऊ नका.

पांढऱ्या साबणाची कोरडी वडी लोकरीच्या कापडावर घासा आणि ते कापड तावावर हलकेच फिरवा. साबणाचा अदृश्य थर दगडाला सरकवतो. तो नसेल तर दगड अडखळतो आणि कागद चुरगळतो. आता दोन्ही हातांनी दगड धरून पुढे-मागे, छोट्या पट्ट्यांत, एकसारख्या दाबाने घोटा. सुरुवात मध्यापासून करून कडांकडे या. आधी उभे, मग आडवे, मग ताव उलटून पुन्हा तसेच. दर काही मिनिटांनी ताव उचलून खिडकीच्या उजेडात तिरपा धरा. जिथे चमक तुटते तिथे दगड कमी फिरला आहे. जिथे चमक असूनही खाली काळसर झाक दिसते तिथे दाब जास्त झाला आहे आणि तंतू चेपले आहेत. कडा लाटेसारख्या उठल्या तर मध्यभाग जास्त ताणला गेला आहे असे समजा. रात्रभर वजनाखाली ठेवा आणि दुसऱ्या दिवशी फक्त कडा घोटा.

घोटलेले ताव एकावर एक रचून, सपाट फळ्यांत दाबून, किमान वर्षभर मुरू द्यायचे. ताजा अंड्याचा थर पाण्यात पुन्हा विरघळतो. जुना झाला की तो पाण्याला दाद देत नाही. तीन महिन्यांच्या कागदावर सराव करता येतो, पण तिथे चूक पुसायला गेलात तर शाईबरोबर लेपही उचलला जाईल. ज्यांना पुढच्या हिवाळ्यात पान लिहायचे आहे त्यांनी या हिवाळ्यात कागद घोटून ठेवावा.

ओळी आखण्याचा दोऱ्यांचा पुठ्ठा

पानावर पेन्सिलीने ओळी आखायच्या नाहीत. पुठ्ठ्यावर दोरे ताणून एक साचा करतात, त्याला मिस्तर म्हणतात. कागद त्यावर ठेवून बोटाने दाबत गेले की ओळींचे बारीक वळ उमटतात, शाई लागत नाही आणि खोडावेही लागत नाही.

17.5 × 25 सेंटिमीटरच्या पानासाठी लिखाणाचा चौकोन 9 × 15.6 सेंटिमीटर घ्या. यात 13 मिलिमीटर अंतराने 13 ओळी बसतात, कारण 13 ओळींत अंतरे 12 असतात. शिवणीकडचा समास अरुंद आणि बाहेरचा रुंद ठेवा, म्हणजे पुस्तक उघडल्यावर दोन्ही पानांचे लिखाण मिळून एक आकृती दिसते. जाड पुठ्ठ्याला मापाप्रमाणे भोके पाडा, मेण लावलेला बारीक रेशमी दोरा ओवा, मागे गाठी मारा आणि दोरे पुठ्ठ्यावर पातळ सरसाने चिकटवा. दोरा जाड असला तर वळ इतका खोल पडतो की बोरू त्यात अडकतो. दाबताना हात कोरडा आणि स्वच्छ हवा. बोटाच्या तेलाचा ठसा पानावर राहिला तर तिथे शाई थेंबाथेंबांत तुटते. तसे झाल्यास खडूची बारीक पूड लोकरीच्या कापडाने फिरवून झटका.

काजळाची शाई

इस्तंबूलची सुलेमानिये मशीद वास्तुकार सिनानने 1550 ते 1557 या काळात बांधली. तिच्यात हवेचा प्रवाह असा योजला आहे की हजारो दिव्यांचे काजळ मुख्य दारावरच्या एका खोलीत जमावे. ते काजळ शाईसाठी वापरत.

घरी जवसाच्या तेलाचा दिवा आणि त्यावर उपडी मातीची थाळी पुरते. हे उघड्यावर करा, खोलीत नाही. ज्योत थाळीला चाटू देऊ नका, कारण तसे झाले की काजळ तपकिरी आणि चिकट येते. जमलेले काजळ पिसाने झाडून घ्या. त्यात तेलाचा अंश असतो, तो काढल्याशिवाय शाई चिकटत नाही. जुनी युक्ती अशी: काजळ कागदात गुंडाळायचे, त्यावर कणकेचा जाड थर द्यायचा आणि तो गोळा भट्टीत भाजायचा. कणीक तेल शोषून घेते.

5 ग्रॅम काजळासाठी 10 ग्रॅम अरबी डिंक घ्या. डिंक 30 मिलिलिटर पाण्यात रात्रभर भिजवा आणि गाळा. काजळ पाण्यावर तरंगते, थेट पाण्यात कधीच मिसळत नाही. म्हणून खलात आधी काजळ आणि थोडे डिंकाचे पाणी घेऊन घट्ट लगदा करा, बत्त्याने मळा, मग उरलेले डिंकाचे पाणी चमचा-चमचा घाला. खरी मेहनत या खलण्यात आहे, अनेक बैठकांत मिळून काही तास लागतात. शेवटी ऊर्ध्वपातित पाणी घालून एकूण 60 ते 80 मिलिलिटर करा, एक-दोन लवंगा टाका म्हणजे बुरशी धरत नाही. अहार कागदाच्या तुकड्यावर रेघ ओढून वाळू द्या. बोटाने पुसून काळे निघाले तर डिंक कमी आहे. रेघ चकाकते आणि कागद वाकवल्यावर तडकते, तर डिंक जास्त झाला. काठ राखाडी आणि मध्य काळा असा दिसला तर अजून खला.

फारसीत शाईच्या प्रमाणाची एक जुनी, लिपिकारांच्या तोंडी असलेली ओळ आहे: काजळाइतकाच हिराकस (लोहाचा क्षार), दोन्हींइतके मायफळ, तिन्हींइतका डिंक आणि नंतर मनगटाचे बळ. म्हणजे प्रमाण 1 : 1 : 2 : 4. ती शाई जास्त पक्की असते, पण हिराकस आणि मायफळाची आम्लता काळाने कागद खाते. अशा शाईने लिहिलेल्या जुन्या पानांत कधी कधी अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचे भोकच उरते. निव्वळ काजळाची शाई कागदाला इजा करत नाही आणि उजेडाने उडतही नाही. अहारावर तीच वापरा.

दौतीत कच्च्या रेशमाचा सैल बोळा घाला. बोरूचे टोक तळाला आपटत नाही आणि दरवेळी सारखीच शाई उचलली जाते.

लेखणीसाठी पिकलेले, तपकिरी, कडक बोरूचे कांडे घ्या. हिरवट कांड्याचे टोक दोन ओळींत मऊ पडते. पहिला तिरपा छेद सुमारे 3 सेंटिमीटर लांब घ्या, आतला गर पूर्ण खरवडा, दोन्ही बाजू निमुळत्या करा, मधोमध चीर द्या. शेवटचा छेद हाडाच्या किंवा कडक प्लास्टिकच्या पट्टीवर टोक टेकवून, एकाच दाबात, तिरपा घ्यायचा. उस्तादांकडे या कामासाठी हस्तिदंताची नक्षीदार पट्टी असे, तिला मक्ता म्हणतात. नेसिह या बारीक लिपीसाठी टोक सुमारे 1 मिलिमीटर आणि सुलुस या मोठ्या लिपीसाठी 2.5 ते 3 मिलिमीटर रुंद हवे. अक्षरांची उंची याच टोकाने काढलेल्या चौकोनी टिंबांनी मोजतात, त्यामुळे टोक वाकडे छाटले की सगळे मापच बिघडते.

चूक झाली आणि शाई ओली असेल तर ओलसर कापसाच्या काडीने आतून बाहेर न पसरवता उचलून घ्या. वाळली असेल तर पात्याच्या धारेने हलके खरवडा आणि त्या जागेवर लहान घोटा फिरवा. आपल्या पोथ्यांत लेखक चुकीवर हरताळ लावत, उस्मानी लेखक ती पुसून टाकत. पुसलेली जागा चांगल्या अहारावर शोधूनही सापडत नाही. याच कागदावर देवनागरी किंवा मोडीही उत्तम वळते.

सोने

24 कॅरटच्या, 8 × 8 सेंटिमीटरच्या दहा पापुद्र्यांपासून सुरुवात करा. मिठाईवरचा वर्ख चालत नाही, तो बहुतेक चांदीचा असतो. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. जुन्या चित्रांतले नदीचे पाणी आणि चिलखते आज काळपट दिसतात ती बऱ्याचदा याचमुळे. पितळी पापुद्रा तर हिरवा पडतो.

चिनीमातीच्या ताटलीत अर्धा चमचा स्वच्छ मध घ्या, एक पापुद्रा ठेवा, दोन बोटांनी गोल गोल घासा. तो दिसेनासा झाला की पुढचा. दहाही झाल्यावर दोन तास तरी घासत राहा. बोटाखाली कण लागणे बंद झाले आणि चकाकी जाऊन गढूळ तपकिरी चिखल दिसू लागला की थांबा. कोमट ऊर्ध्वपातित पाण्याने ते काचेच्या पेल्यात उतरवा आणि रात्रभर ठेवा. सोने तळाला बसते. वरचे पाणी अलगद ओता, नवे घाला, पाण्याचा चिकटपणा पूर्ण जाईपर्यंत हेच करा.

2 ग्रॅम जिलेटीन 200 मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवा. त्यातले काही थेंब सोन्यात मिसळून कुंचल्याने लावा. वाळल्यावर पातळ, गुळगुळीत कागद वर ठेवून अकीकाने घोटले तर मंद झळाळी येते, थेट घोटले तर लख्ख. सोने बोटाला लागते तर जिलेटीन कमी पडले आहे. काही केल्या चमकत नाही तर जिलेटीन जास्त आहे किंवा मध राहिला आहे. मध राहिला असेल तर पुन्हा धुणे हाच उपाय.

लिखाणाच्या चौकटीची सोन्याची रेघ रेखनलेखणीने (रेघा ओढायच्या दुपाती लेखणीने) ओढा. रुंदी 1 ते 2 मिलिमीटर. ती घोटून झाल्यावरच दोन्ही कडांना काळ्या शाईची केसासारखी रेघ द्या. आधी दिली तर घोटताना शाई सोन्यात ओढली जाते.

चित्र

ग्रंथात चित्र शेवटी येते. लेखक मजकूर लिहून चित्राची जागा मोकळी सोडतो, मग सोने, मग रंग. सुलतान तिसरा मुराद याच्यासाठी 1595 च्या सुमारास सहा खंडांत तयार झालेल्या पैगंबर-चरित्रासारख्या मोठ्या कामात अनेक हात एकाच पानावरून गेले, ते या क्रमामुळेच शक्य झाले.

रेखाटन वेगळ्या कागदावर पक्के करा, रेषेवर सुईने बारीक भोके पाडा, मागची बाजू वाळूकागदाने सपाट करा. पानावर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी टिपा. उमटलेल्या ठिपक्यांवरून पातळ लालसर रेषा काढा आणि कोळसा पिसाने झाडा. सोन्याच्या जागा आधी भरा आणि घोटा. नंतर रंगांचे मोठे सपाट भाग, मग नक्षी, चेहरे सर्वांत शेवटी. रंग ताकासारखा दाट हवा. पातळ पाणचट रंगाचा थर अहार भिजवतो आणि कुंचला दुसऱ्यांदा फिरवला की खालचा लेप वर येतो. डिंक जास्त झाला तर वाळलेला रंग पापुद्र्याने उडतो.

जुने रंग समजून घ्या, पण वापरताना सावध राहा. हिंगुळात पारा, हरताळात आर्सेनिक, सफेद्यात आणि शेंदरात शिसे आहे. हरताळ शिशाच्या किंवा तांब्याच्या रंगाला लागून आला तर काळाने काळवंडतो. तांब्यापासून केलेला जंगाल कागद जाळतो. हिरव्या चौकटीच्या रेषेवर पान कापल्यासारखे सुटलेले अनेक हस्तलिखितांत दिसते. इराणी रंगकृतींत जंगालात केशर मिसळण्याची सूचना आढळते, ती हा जाळ रोखण्यासाठी. आज चांगल्या प्रतीचा अपारदर्शक जलरंग घेणे शहाणपणाचे आहे. लाजवर्द मात्र परवडत असेल तर खरे घ्या. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या दगडाचा निळा रंग कृत्रिम निळ्याहून उग्रपणात कमी आणि खोलीत जास्त असतो, विशेषतः सोन्याशेजारी.

बांधणी आणि ठेवण

बांधणीचा तपशील स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एवढे ध्यानात ठेवा: पुस्तकाची पाठ उजवीकडे येते, मागच्या पुठ्ठ्याला जोडलेली त्रिकोणी झडप पुढच्या पुठ्ठ्याखाली जाते आणि पाने सरळ ठेवते. पानांचा क्रम चुकू नये म्हणून डाव्या खालच्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहितात. सुटी पाने आम्लरहित कागदाच्या घड्यांत ठेवा. सापेक्ष आर्द्रता 45 ते 55 टक्के राखायचा प्रयत्न करा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत कधीही नको: पावसाळ्यात आतल्या आत ओल धरते आणि अहार लागलेली पाने एकमेकांना घट्ट चिकटतात. चिकटलीच तर ओढू नका, पाण्याने सोडवू नका. कागद-संवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडे तशीच न्या.

जुन्या पानांवर हात चालवू नका

इस्तंबूलच्या पर्यटक-बाजारात आणि आपल्या जयपूर-उदयपूरलाही जुन्या हस्तलिखितांची सुटी पाने मिळतात, वर ताजे चित्र काढलेली. एखादा व्याकरणाचा किंवा फिक्हचा (इस्लामी धर्मकायद्याचा) ग्रंथ फाडून त्याच्या पानांवर शिकारीचे किंवा बागेचे दृश्य रंगवलेले असते. ओळखायला अवघड नाही. चित्राचा मजकुराशी संबंध नसतो. रंग अक्षरांवर चढलेला दिसतो. कसरीच्या भोकाच्या आत रंग उतरलेला असतो, म्हणजे भोक आधीचे आणि चित्र नंतरचे. सोने बऱ्याचदा खडबडीत दिसते. अशी पाने विकत घेऊ नका, भेट म्हणूनही नको. प्रत्येक विक्री पुढचा ग्रंथ फाडायचे कारण होते. घरात वारशाने आलेले पान किंवा पोथी असेल तर तिला नवा अहार, सेलोटेप, लॅमिनेशन काहीही लावू नका. नैसर्गिक उजेडात फोटो काढा, मापे लिहा, वेष्टनात ठेवा.

सही आणि नोंद

लिहिलेल्या पानाच्या शेवटी लेखकाचे नाव आणि हिजरी साल असे. पण हुस्न-ए-हत, म्हणजे उस्मानी सुलेखन, उस्तादासमोर बसून, त्याचे नमुने गिरवून शिकतात, आणि उस्तादाने इजाजत दिल्याशिवाय शिष्य कामावर सही करत नाही. ही कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत 2021 मध्ये आली, सहीचा हा दंडक त्याच्या कितीतरी आधीचा आहे. तोवर पानाची दर्शनी बाजू निनावी राहू द्या. मात्र प्रत्येक तावाच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने बारीक नोंद करा: कागद कुठला, अंडी किती, तुरटी किती, अहाराचे हात कोणत्या तारखांना दिले, घोटाई कधी, शाईतला डिंक किती. दोन वर्षांनी एखादी रेघ तडकली, तर कारण याच नोंदीत सापडते.